समुद्राचा सातबारा

जगाचा नकाशा घ्यावा, कोल्हापुरावर पेन्सिलीचं टोक ठेवावं आणि रेघ सरळ खाली ओढावी. चंदगड मागं पडतं, घाट उतरतो, कारवारच्या खाली जमीन संपते. पुढं पाणीच पाणी. लक्षद्वीप आणि मालदीव डाव्या हाताला राहतात, विषुववृत्त येतं आणि जातं, रेघ तशीच चालत राहते. सव्वातीन हजारांहून जास्त सागरी मैल गेल्यावर, रेघेच्या जरासं उजवीकडं, ३९ अंश ३२ मिनिटं दक्षिण आणि ७८ अंश ३ मिनिटं पूर्व असा एक बिंदू येतो. तिथं काहीही नाही. शंभरेक सागरी मैलांवर फ्रान्सचं अ‍ॅमस्टरडॅम नावाचं एक चिमुकलं बेट आहे, आणि ऑस्ट्रेलियातलं पर्थ १९०० सागरी मैलांवर.

सप्टेंबर २०१८ मध्ये या बिंदूवर ३२ फुटांच्या एका लाकडी बोटीत एक माणूस पाठ मोडून पडला होता. त्याला उचलायला तीन देशांची जहाजं आणि विमानं निघाली होती. आपल्याकडं तेच दिवस गणपतीचे शेवटचे. तिथला सूर्य आपल्यापेक्षा फक्त पंधरा मिनिटं आधी उगवतो, आणि ते दिवस विषुवदिनाचे, म्हणजे दिवस आणि रात्र इथंही बारा तासांची आणि तिथंही. म्हणून पुढच्या सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत. आपल्याकडं दुपार म्हणजे तिथंही दुपार. हा हिशेब मला सुचला तेव्हापासून ती घटना लांबची वाटत नाही.

१ जुलै २०१८, रविवार

फ्रान्सच्या ले साब्ल-दोलॉन बंदरातून गोल्डन ग्लोब शर्यत सुटली. एकट्यानं, कुठंही न थांबता, कुणाची मदत न घेता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी. दीड डझन खलाशी, त्यांत भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी. वय ३९.

या शर्यतीचा नियम विचित्र वाटेल. १९६८ साली जेवढी साधनं होती तेवढीच वापरायची. जीपीएस नाही. सूर्य आणि तारे सेक्स्टंटनं मोजून, कागदी नकाशावर आपली जागा आपणच काढायची. आणीबाणीसाठी उपग्रह फोन, छोटे निरोप पाठवणारं एक यंत्र आणि संकटाचा बीकन एवढीच सूट. १९६८ का, तर त्या वर्षी निघालेल्या पहिल्या शर्यतीत नऊ जण होते आणि एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी परत आले. त्यांची बोट ‘सुहेली’. ती बांधली होती आपल्या मुंबईत, सागवानात.

अभिलाष यांची ‘थुरिया’ ही त्या सुहेलीचीच प्रतिकृती. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये ती घडली. नाव तुरीय अवस्थेवरून. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यापलीकडची चौथी. वारकरी घरात ‘तुर्या’ हा शब्द कानावरून गेलेला असतो. या बोटीच्या आकाराचीही एक वंशावळ आहे. सुहेलीचा आराखडा ज्यावरून निघाला त्या बोटी नॉर्वेचे कॉलिन आर्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आखल्या होत्या, आणि त्या होत्या वादळात सापडलेल्या कोळ्यांना सोडवून आणणाऱ्या बचाव बोटी. पुढं आणि मागं दोन्हीकडं निमुळत्या, जड, लाटेखाली जाऊन पुन्हा वर येणाऱ्या.

दांडेकरांच्याच हातची ‘म्हादेई’. त्या बोटीतून ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात दिलीप दोंदे एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. तीच म्हादेई घेऊन १ नोव्हेंबर २०१२ रोजी अभिलाष गेटवे ऑफ इंडियावरून निघाले आणि कुठंही न थांबता, १५१ दिवसांनी, ३१ मार्च २०१३ ला तिथंच परत आले. या साऱ्या उपक्रमामागं व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी. १९७१ च्या युद्धातले वीरचक्राचे मानकरी, निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिलेले. भारतीय माणसानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं जग फिरून यावं हे त्यांचं स्वप्न. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका कोरड्या माळरानावर बसलेल्या म्हाताऱ्या दर्यावर्दीनं ते धरून ठेवलं, पाठपुरावा केला, माणसं शोधली.

शुक्रवार, २१ सप्टेंबर. दिवसा

शर्यतीचा ८३ वा दिवस. साडेदहा हजार सागरी मैल झालेले. अभिलाष तिसऱ्या स्थानावर. त्यांच्या नैर्ऋत्येला सुमारे ९० मैलांवर आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन, आणि त्याच पट्ट्यात नेदरलँड्सचे मार्क स्लॅट्स.

वादळ येणार हे ठाऊक होतं. पण दक्षिण महासागरात ३२ फुटी बोट वादळातून पळून जाऊ शकत नाही. तिचा वेग सायकलीएवढा. वाट बघायची, शिडं उतरवायची, सगळं बांधून टाकायचं.

वारा ७० नॉट, म्हणजे ताशी १३० किलोमीटर. लाटा १४ मीटर, म्हणजे ४६ फूट.

आम्हा कोल्हापूरकरांना फूट हे माप पाण्याच्या बाबतीत वेगळ्या तऱ्हेनं कळतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. जुलै-ऑगस्टात शाळकरी पोरगंसुद्धा सकाळी उठून ‘किती फूट?’ विचारतं. नदीची पातळी आणि लाटेची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची थेट तुलना होत नाही, हे मला कळतं. तरी ४६ हा आकडा वाचला आणि पोटात गोळा आला. आपल्या बंधाऱ्यावर तेवढं पाणी चढायला दिवस लागतात, आणि तेवढ्यात गुरं सोडता येतात, म्हातारी माणसं पाहुण्यांकडं पोचवता येतात. तिथं तेवढी उंची काही सेकंदांत येत होती, जात होती, पुन्हा येत होती.

एका लाटेनं थुरिया आडवी झाली, इतकी की डोलकाठी पाण्यात गेली. अभिलाष त्या वेळी बाहेर होते आणि त्यांनी डोलकाठीलाच धरलं. बोटीच्या बुडाशी जड वजन असतं, त्यामुळं ती पुन्हा उभी राहते. तशी ती राहिली, आणि हा माणूस डोलकाठीवर वर लटकलेला राहिला. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा वरच्या सरंजामात अडकला होता. सगळा भार त्या पट्ट्यावर. पट्टा तुटला आणि ते खाली आदळले.

मणके मोडले.

बोट पुन्हा उलथली. डोलकाठ्या गेल्या. मोडलेलं लाकूड, तारा, शिडं बाजूला लोंबत, बोटीच्या अंगावर धडका देत राहिली. अभिलाष कसेबसे सरपटत आत गेले आणि बिछान्यावर पडले. त्यानंतर त्यांना उठता आलं नाही.

तिकडं मॅकगकिन यांच्याही बोटीच्या डोलकाठ्या त्याच वादळानं मोडल्या. स्लॅट्स यांची बोट दोनदा आडवी झाली, पण काठ्या टिकल्या.

शुक्रवार. रात्र

शर्यतीच्या कार्यालयात अभिलाष यांचा निरोप उमटला. मोजके शब्द. बोट उलथली, डोलकाठी गेली, पाठीला जबर मार, उठता येत नाही.

आपल्याकडं त्या दिवशी मोहरम होता. त्या वर्षी गणपती आणि मोहरम एकत्र आले होते. कोल्हापूरच्या तालमींत एकाच मांडवाखाली गणपती आणि पंजे बसले होते, जसे असे योग आले की नेहमी बसतात. रात्री उशिरा बातम्यांत पट्टी फिरली की नौदलाचा अधिकारी हिंदी महासागरात जखमी.

आता प्रश्न असा, की अशा ठिकाणी पडलेल्या माणसाला शोधायची जबाबदारी कुणाची? तो भारतीय. शर्यत फ्रान्समधून सुटलेली. जागा कुठल्याच देशाची नाही. आपल्याकडं दोन शेतांच्या बांधावर झाड पडलं तरी ते उचलायचं कुणी यावर दोन पिढ्या भांडतात.

समुद्रात हे भांडण होत नाही. माझ्या मते माणसानं केलेल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी ही एक आहे, आणि तिची गोष्ट आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्रावरच्या माणसांच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९७९ मध्ये हॅम्बुर्ग इथं शोध आणि बचावाचा करार झाला, १९८५ पासून तो लागू आहे. त्याच्या आधारानं जगातला सगळा समुद्र तुकड्या-तुकड्यांनी वाटून दिला गेला. इथं वाटणी झाली ती कामाची. जमिनीच्या सातबाऱ्यावर हे कुणाचं आहे ते लिहिलेलं असतं. समुद्राच्या सातबाऱ्यावर इथं कोण धावणार ते लिहिलेलं आहे. त्यात मासे, तेल, सीमा यांतला काहीच हक्क मिळत नाही. मिळतो तो फक्त मध्यरात्री वाजणारा फोन.

भारताच्या वाट्याला ४६ लाख चौरस किलोमीटरचा पट्टा आला आहे. मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर इथली तटरक्षक दलाची केंद्रं तो सांभाळतात. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला आलेला पट्टा ५ कोटी ३० लाख चौरस किलोमीटरचा, पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जवळजवळ दहावा हिस्सा. ७८ अंश पूर्व त्यात येतं. म्हणजे कॅनबेरातल्या बचाव केंद्रातल्या माणसांपुढं ‘हे आमचं काम आहे का’ हा प्रश्नच नव्हता. उत्तर कित्येक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं.

आणि ज्या बीकनमुळं हरवलेली बोट सापडते त्याचीही कहाणी अशीच. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी १९७९ मध्ये एकत्र येऊन कोस्पास-सारसॅट ही उपग्रह यंत्रणा ठरवली. शीतयुद्धाचा तो काळ. दोन महासत्ता एकमेकींवर अण्वस्त्रं रोखून बसल्या होत्या, आणि तरी बुडणाऱ्याची हाक दोघींचे उपग्रह ऐकतील असं त्यांनी ठरवलं. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडात कोसळलेल्या एका विमानातली तीन माणसं त्या यंत्रणेमुळं पहिल्यांदा वाचली. भारत १९९१ पासून तिच्यात आहे, आपलं केंद्र बेंगळुरूत.

रेघा आखल्या की माणूस वाचतोच असं मात्र नाही, आणि हे लिहिताना हात जड होतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. तो आपल्याच पट्ट्यात होता, आपल्याच किनाऱ्याजवळ, नौदलाच्या दारात. नौदलाच्या जवानांनी त्या खवळलेल्या पाण्यातून दीडशेहून अधिक माणसं एकेक करून काढली. तरी तो बार्ज आणि वरप्रदा ही टग मिळून ८६ जण गेले. वादळापूर्वी माणसं किनाऱ्यावर आली असती तर सातबारा उघडायची वेळ आली नसती.

शनिवार, २२ सप्टेंबर. सकाळ ते संध्याकाळ

कॅनबेरातून जवळच्या जहाजांना हाक गेली. सर्वांत जवळ सापडली ती ‘ओसिरिस’, फ्रान्सची मत्स्यगस्तीची नौका. दक्षिण महासागरातल्या फ्रेंच बेटांभोवती चोरून मासेमारी करणाऱ्यांना पकडणं हे तिचं रोजचं काम. तिनं तोंड वळवलं. ‘सर्वांत जवळ’ याचा अर्थ तिथं दोन दिवस असा होता.

ऑस्ट्रेलियाची ‘बॅलराट’ ही युद्धनौका पर्थकडून निघाली. भारतीय नौदलानं दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला असलेली आयएनएस सातपुडा आणि तिच्याबरोबरचं आयएनएस ज्योती हे इंधनवाहू जहाज तिकडं वळवलं. सातपुड्यावर चेतक हेलिकॉप्टर होतं. तमिळनाडूतल्या अरक्कोणमच्या तळावरून पी-८ आय हे टेहळणी विमान उडालं आणि मॉरिशसला उतरलं, कारण भारतातून थेट तिथं जाऊन शोध घेऊन परतणं त्याला झेपणारं नव्हतं. मॉरिशसवरूनसुद्धा जाऊन-येऊन तीन हजार सागरी मैलांच्या आसपास.

एका माणसासाठी एवढं? मला हा प्रश्न त्या वेळी एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारला होता. हौशी शर्यत, स्वतःहून गेलेला माणूस, मग सरकारचं एवढं डिझेल कशाला. समुद्राच्या कायद्याला हा प्रश्न माहीत नाही. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यातलं ९८ वं कलम सांगतं की, आपलं जहाज आणि माणसं धोक्यात येत नसतील तर समुद्रात सापडेल त्या संकटग्रस्ताला मदत करणं प्रत्येक जहाजाच्या कप्तानाला बंधनकारक आहे. तो कोण, कुठला, का गेला होता, याची चौकशी आधी करायची नाही. मच्छीमार असो, निर्वासित असो, शर्यतवाला असो. आणि आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोळ्यालाही हे कलम न वाचता ठाऊक असतं. शेजारची होडी दिसेनाशी झाली की तो जाळं सोडून वळतो.

मॅकगकिन यांनी काय केलं ते बघा. डोलकाठी गेलेली, स्वतःला डोक्याला मार लागलेला. त्यांनी उरल्यासुरल्या सामानाची तात्पुरती काठी उभी केली, त्यावर चिंध्यांसारखं शीड बांधलं आणि बोटीचं तोंड अभिलाष यांच्याकडं वळवलं. इंजिनाच्या इंधनात बिघाड. आपल्याला तिथं पोचून काय करता येईल, मोडक्या बोटीतून मोडक्या बोटीत मोडलेला माणूस कसा घेता येईल, याचं उत्तर त्यांच्याकडं नसणार. तरी निघाले.

आत, थुरियाच्या केबिनमध्ये, अभिलाष यांनी बीकन सुरू केला होता. चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल, असं त्यांनी कळवलं. मुख्य उपग्रह फोन बंद पडला. दुसरा फोन आणि हातातला रेडिओ आणीबाणीच्या पिशवीत होता. ती पिशवी त्याच केबिनमध्ये होती. ३२ फुटी बोटीचं केबिन केवढं असणार, आपल्या स्वयंपाकघराएवढंही नाही. काही हातांवर ती पिशवी, आणि तिथवर पोचता येत नव्हतं. पायाची बोटं हलतात, पण बधिर वाटतं, असा निरोप आला. तो वाचून नौदलातल्या डॉक्टरांना थोडा धीर आला असेल.

खाता येत नव्हतं. पाणीही पोटात ठरत नव्हतं, सतत उलट्या, छातीत जळजळ. कुठूनतरी आइस टीचे डबे त्यांनी ओढत जवळ घेतले आणि ते पीत राहिले. हे त्यांनी कळवलंसुद्धा. त्या तीन दिवसांचा विचार केला की मला वादळाच्या आधी ते डबे दिसतात. बोट डावी-उजवी लोळते आहे, बाहेर तुटलेली काठी ठकठक आपटते आहे, आणि मणके मोडलेला माणूस इंच इंच हात लांबवून एक डबा स्वतःकडं ओढतो आहे.

रविवार, २३ सप्टेंबर. सकाळ

अनंत चतुर्दशी. खासबागेजवळ मानाच्या पहिल्या गणपतीची, तुकाराम माळी तालमीच्या गणपतीची, पालखी हलली आणि कोल्हापूरची मिरवणूक सुरू झाली. मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड.

त्याच सकाळी मॉरिशसवरून पहाटे निघालेलं भारतीय विमान ढगांखाली उतरलं आणि वैमानिकांना ती दिसली. फेसाळ करड्या पाण्यावर एक छोटा ठिपका, डोलकाठी मोडून बाजूला लोंबणारी, बोट दोन्ही अंगांवर भयंकर लोळणारी. माणूस बाहेर नव्हताच. विमान वर घिरट्या घालत राहिलं. खालून अभिलाष यांनी बीकनवरून खूण दिली.

एवढंच. एक खूण. त्यानंतर विमानाला परतावं लागलं, कारण इंधन. ऑस्ट्रेलियाचं विमानही त्या दिवशी येऊन गेलं, मॅकगकिन यांनाही पाहून गेलं. विमान शोधू शकतं, उचलू शकत नाही. आता सगळी भिस्त त्या फ्रेंच मासेमारी-गस्तीवर.

रविवार. संध्याकाळ, मग रात्र

गंगावेशीतून पुढं गर्दी मुंगीच्या पावलानं सरकत होती. पंचगंगा घाटावर दिव्यांचा झगमगाट, आणि त्या झगमगाटाच्या कडेला, पायऱ्यांच्या शेवटच्या टोकावर, गुडघाभर पाण्यात उभे असलेले जीवरक्षक. अग्निशमन दलाचे जवान, तालमीतली पट्टीची पोहणारी पोरं, कमरेला दोर, खांद्यावर ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब. कुणाचं लक्ष त्यांच्याकडं नसतं. त्यांचं लक्ष मात्र मूर्तीकडं नसून मूर्ती घेऊन उतरणाऱ्या पोरांच्या पायांकडं असतं. रात्रभर.

मी त्या रात्री घाटावर होतो. मोबाइलवर बातमी होती की ओसिरिस उद्या सकाळी पोचेल. शेजारी उभ्या असलेल्या एका जीवरक्षकाला मी ती सांगितली. त्यानं पाण्यावरची नजर न काढता विचारलं, “पाणी किती गार असंल तिकडं?” मला ठाऊक नव्हतं. “खोलीत हाय न्हवं पर माणूस? मग ऱ्हाईल,” तो म्हणाला, आणि खाली उतरला, कारण एक मूर्ती येत होती.

सोमवार, २४ सप्टेंबर. पहाट ते अकरा

उजाडलं. वारा उतरलेला होता, लाटाही बऱ्यापैकी बसलेल्या. इकडं मिरवणूक अजून संपायची होती. आमच्याकडं ती दुसऱ्या दिवसावर जातेच.

ओसिरिस थुरियाजवळ पोचली. मोठं जहाज अशा बोटीला लागू देत नाहीत. लाटेत एक आपट बसली तर लहान बोट फुटते. म्हणून हवेच्या फुगवट्याच्या लहान होड्या उतरवल्या, आपण झोडियॅक म्हणतो त्या. फ्रेंच खलाशी थुरियावर चढले. आत केबिनमध्ये उतरले. अभिलाष शुद्धीवर होते, बोलत होते. तिथंच प्रथमोपचार झाले, मग स्ट्रेचरवर बांधून, त्या अरुंद दारातून, तुटक्या तारांच्या गुंत्यातून, त्यांना बाहेर काढलं आणि होडीत उतरवलं. मणके मोडलेल्या माणसाला लोळत्या बोटीतून लोळत्या होडीत देणं म्हणजे काय, हे ज्यानं पुराच्या पाण्यात आजाऱ्याला खाटेसकट होडीत घेतलं आहे त्याला सांगायला नको.

अकराच्या सुमारास नौदलानं जाहीर केलं, वाचवलं. संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनीही कळवलं.

मॅकगकिन यांनी तोवर मोडक्या बोटीनं बरंच अंतर कापलं होतं. ओसिरिसनं त्यांनाही उचललं. दोन्ही बोटी सोडून द्याव्या लागल्या. दिवाडीच्या कारागिरांनी घडवलेली थुरिया दक्षिण महासागरात राहिली.

त्यानंतर

अ‍ॅमस्टरडॅम बेटावर फ्रान्सचं एक संशोधन केंद्र आहे. मूठभर माणसं, एक डॉक्टर, छोटं इस्पितळ. तिथं क्ष-किरण काढले गेले. २८ सप्टेंबरला सातपुडा पोचली आणि अभिलाष यांना घेऊन ६ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला आली. पुढं शस्त्रक्रिया झाली, पाठीत टायटॅनियम बसलं, चालणं पुन्हा शिकावं लागलं. मॅकगकिन यांना बॅलराटनं ऑस्ट्रेलियात नेलं. विंचुर्णीत अ‍ॅडमिरल आवटी यांचं नोव्हेंबरात निधन झालं. त्याआधी त्यांचा खलाशी परत आला होता.

त्याच शर्यतीत ऑक्टोबरात एका फ्रेंच खलाशाला जपानच्या मालवाहू जहाजानं उचललं. डिसेंबरात केप हॉर्नच्या अलीकडं ब्रिटनच्या सुझी गुडॉल यांची बोट उलटली, तेव्हा चिलीच्या बचाव केंद्राच्या हाकेवर हाँगकाँगचं एक मालवाहू जहाज वळलं. त्या भागाच्या सातबाऱ्यावर चिलीचं नाव आहे. शर्यत पुरी केली पाच जणांनी.

अभिलाष पुन्हा बोटीत बसले. ४ सप्टेंबर २०२२, तीच शर्यत, तेच बंदर, बोटीचं नाव ‘बायनात’. नोव्हेंबरच्या मध्याला ते दक्षिण आफ्रिकेचं टोक ओलांडून हिंदी महासागरात शिरले होते, आणि तेव्हा फिनलंडचे तापिओ लेहटिनेन यांची बोट मागच्या बाजूनं पाणी भरून पाच मिनिटांत बुडाली. लेहटिनेन तराफ्यावर, बीकन चालू. दक्षिण आफ्रिकेच्या केंद्रानं हाक दिली. ‘दर्या गायत्री’ नावाचं मालवाहू जहाज वळलं. शर्यतीतल्या जवळच्या दोन खलाशांना निरोप गेले: दक्षिण आफ्रिकेच्या किर्स्टन नॉयशेफर, आणि अभिलाष टॉमी.

नॉयशेफर रात्रभर स्वतः सुकाणू धरून बसल्या आणि सकाळी तराफ्याशी पोचल्या. बाईंनी त्यांना बोटीवर घेतलं, दोघांनी थोडी रम घेतली, मग लेहटिनेन दर्या गायत्रीवर चढले. पुढं ती शर्यत नॉयशेफर यांनी जिंकली आणि अभिलाष दुसरे आले, एप्रिल २०२३ मध्ये. बचावासाठी वळल्याबद्दल नॉयशेफर यांना ३५ तासांची भरपाई मिळाली आणि अभिलाष यांना १२ तासांची.

ते १२ तास कशाचे, तर निरोप मिळाल्यावर त्यांनी आपली वाट सोडून बोट वळवली होती त्याचे.